फोल्कहोगस्कूलात कोर्स घ्यायचाय? मग हे याच क्रमाने करा

मार्च उजाडला की स्वीडनमधल्या फोल्कहोगस्कूलांबद्दल, म्हणजे इथल्या प्रौढांच्या शाळांबद्दल, मला साधारण तेच फोन येतात. ‘अगं, आंतागनिंगवर (विद्यापीठ-प्रवेशाच्या संकेतस्थळावर) ती शाळा सापडतच नाही.’ ‘वर्षभर कोर्स केला, आता डिग्री कधी मिळते?’ ‘खोली मिळाली, पण रविवारी तिथे बसच जात नाही!’ यातली एकेक चूक मी किंवा माझ्या ओळखीतल्या कुणी ना कुणी केलेली आहे. प्रक्रिया अवघड नाही, क्रम चुकतो.

हे लिहिते आहे ते स्वीडनमध्ये आधीच राहणाऱ्यांसाठी: नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे आलेले, एसएफआय (परदेशातून आलेल्यांसाठीचे स्वीडिशचे वर्ग) संपवून पुढे काय करायचे या विचारात असलेले. भारतातून थेट येऊ पाहणाऱ्यांसाठी दुसऱ्या टप्प्यात एक परिच्छेद आहे. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नावातल्या ‘होगस्कूला’ने फसू नका. नुसते ‘होगस्कूला’ म्हणजे विद्यापीठ पातळीची संस्था, आणि ‘हायस्कूल’ म्हणावे तर तेही हे नव्हे. फोल्कहोगस्कूला ही प्रौढांची शाळा. देशभरात अशा दीडशेच्या वर आहेत. बहुतेक संस्था-संघटना चालवतात, उरलेल्या रेजिओन, म्हणजे तिथली प्रांतिक सरकारे. पुष्कळशा गावाबाहेर, शेताच्या किंवा तळ्याच्या कडेला आहेत आणि आवारातच राहायची सोय असते, तिला इंतरनात म्हणतात. शिकवणीची फी नसते. परीक्षेचे गुणही नसतात, आणि सहसा विद्यापीठाचे क्रेडिटही मिळत नाहीत. हे शेवटचे वाक्य दोनदा वाचा.

## टप्पा १: हातात कोणता कागद हवा ते ठरवा

लोक कोर्सच्या नावावरून सुरुवात करतात. कोर्स संपल्यावर हातात काय पडायला हवे, तिथून सुरुवात करा. कोर्सचे ढोबळ चार प्रकार आहेत.

आलमेन कुर्स. शाळेचे आणि बारावीपर्यंतचे विषय: स्वीडिश, इंग्रजी, गणित, समाजशास्त्र, इतिहास, विज्ञान. ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षापासून प्रवेश मिळतो. ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे आहे त्यांना यातून विद्यापीठात अर्ज करण्याची मूलभूत पात्रता मिळवता येते.

प्रोफील कुर्स, काही ठिकाणी सॅर्शिल्ड कुर्स. संगीत, लेखन, विणकाम, लाकूडकाम, चित्रकला, नाटक, निसर्गवाटा, शेती. सहसा एक किंवा दोन वर्षांचे. शेवटी कोर्स केल्याचे प्रमाणपत्र मिळते, पात्रता नाही.

इर्केस कुर्स, म्हणजे व्यवसायाचे. युवक-केंद्रात काम करणारा फ्रीतीद्सलेदार (दोन वर्षे), उपचार-सहायक, सांकेतिक भाषेचा दुभाषी, चर्चमधला वादक. नोकरीकडे थेट जाणारा रस्ता हाच, आणि आपल्याकडच्या लोकांचे याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

कोर्टकुर्स आणि सोम्मारकुर्स. दोन दिवसांपासून आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत, बरेचसे उन्हाळ्यात. कागदासाठी नव्हे, चव घेण्यासाठी. यात राहण्या-जेवण्याचे, साहित्याचे आणि कधी कोर्सचेही पैसे पडतात.

सगळ्यांत महागडी चूक पहिल्या प्रकारात होते. माझ्या ओळखीतल्या सांगलीकडच्या एक ताई एम.कॉम. झालेल्या. त्यांनी वर्षभर आलमेन कुर्स केला, समाजशास्त्र आणि निसर्गविज्ञानाचे तास बसून ऐकले, कारण ‘इथली बारावी नाही ना माझ्याकडे’. पुढे लक्षात आले की भारतातल्या बारावी-पदवीने मूलभूत पात्रतेचा मोठा भाग आधीच भरला होता. अडत होते ते फक्त स्वीडिश. स्वीडिश माध्यमाच्या पदवीसाठी द्वितीय भाषा म्हणून स्वीडिशची तिसरी पातळी लागते. तिला इथे एसव्हीए ३ म्हणतात. ती कोमवुक्समध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या प्रौढ शाळेत, सुटी करता येते. ताईंचे वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही, भाषा सुटली, मैत्रिणी झाल्या. पण त्यांना हवा होता कागद, आणि तो या रस्त्याने लांब पडला.

म्हणून पदवीधरांनी आधी आपली पदवी यूएचआरकडे, म्हणजे उच्च शिक्षणाच्या सरकारी परिषदेकडे, मूल्यांकनाला पाठवावी. ते मोफत आहे. त्या कागदावर तुमची पदवी इथल्या कशाच्या तोडीची आहे ते लिहून येते. इंग्रजी आणि गणिताच्या अटी मात्र ज्या शिक्षणक्रमाला पुढे जायचे आहे त्याच्या पानावर वेगळ्या तपासा.

तपासा: एका वाक्यात लिहा, ‘कोर्स संपल्यावर मला ______ मिळालेले असेल.’ रिकाम्या जागेत ‘अनुभव’ आला तर प्रोफील किंवा सोम्मारकुर्स, ‘नोकरी’ आली तर इर्केस, ‘विद्यापीठाचा अर्ज’ आला तर आधी यूएचआर. ‘डिग्री’ आली तर हा लेख इथेच बंद करा.

## टप्पा २: परवाना आणि पैसा

नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला शिकायला मोकळीक असते, त्यासाठी वेगळा विद्यार्थी-परवाना लागत नाही. तरी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा: परवाना संपतो ती आणि कोर्स संपतो ती. ऑगस्टमध्ये सुरू होणारा वर्षाचा कोर्स जूनपर्यंत चालतो. मधे परवान्याचे नूतनीकरण येत असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज गेलेला हवा. निर्णय यायचा असताना भारतवारी ठरवू नका. डिसेंबरच्या सुटीत हे हमखास होते.

मग पर्सोनुम्मर, म्हणजे इथला ओळख-क्रमांक. स्काटेवेर्केटकडे, म्हणजे कर-कार्यालयाकडे, नोंदणी झाली नसेल तर ते काम आधी. अर्जाचा फॉर्म तो नंबर मागतो, आणि सीएसएनचे काही होणार असेल तर त्याच नंबरावर.

सीएसएन म्हणजे विद्यार्थ्यांना अनुदान आणि कर्ज देणारी सरकारी यंत्रणा. फोल्कहोगस्कूलाचे बरेच कोर्स त्यात बसतात, पण किमान तीन आठवड्यांचे आणि निदान अर्ध्या वेळेचे हवेत. म्हणजे आठवड्याचा सोम्मारकुर्स बाद. आणि कोर्स बसतो याचा अर्थ तुम्ही बसता असा होत नाही. कामाच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराचा परवाना तात्पुरता असेल, तर सहसा हक्क मिळत नाही. कायमचा परवाना असेल तर चित्र वेगळे. मैत्रिणीला मिळाले म्हणून मला मिळेल असे धरू नका, तिचा परवाना कुठल्या कारणाने आहे ते तुम्हाला बहुधा माहीत नसते. सीएसएनला स्वतः विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

इशारा: ‘फी नाही’ म्हणजे ‘खर्च नाही’ नव्हे. खोली, जेवण, साहित्य, सहली, कधी विमा. विणकामात सूत आणि लाकूडकामात लाकूड तुमच्या खर्चात असू शकते. शाळेला विचारताना महिन्याचा आकडा विचारू नका, सत्राचा एकूण आकडा विचारा, आणि त्यात शनिवार-रविवारचे जेवण धरले आहे का तेही. सत्राचा आकडा ऐकून पुष्कळांना खाली बसावे लागते.

भारतातून थेट यायचे असेल तर: विद्यापीठासाठीचा निवास परवाना आणि फोल्कहोगस्कूलासाठीचा परवाना एक नव्हे. विद्यापीठात गेलेल्या भाच्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. अर्ज करण्याआधी मिग्रेशन्सवेर्केटच्या (परवाने देणाऱ्या स्थलांतर कार्यालयाच्या) नियमांत ‘इतर शिक्षण’ या सदराखालच्या अटी वाचा, आणि परदेशी अर्जदार घेता का ते शाळेला विचारा. उन्हाळ्यातल्या आठवड्याच्या कोर्सला जमत असेल तर शेंगेन व्हिसाच्या ९० दिवसांत तो मावतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी तोच सुचवते.

## टप्पा ३: कोर्स शोधा आणि त्याचे पान नीट वाचा

आंतागनिंग हे विद्यापीठांचे दार आहे. या शाळा तिथे नसतात. सगळ्या शाळांचे कोर्स ‘फोल्कहोगस्कूला डॉट एनयू’ या एकाच ठिकाणी शोधता येतात. अर्ज मात्र प्रत्येक शाळेकडे वेगळा करायचा.

शोधताना आधी विषय टाका, मग जागा. उलटे केले की घराजवळच्या तीन शाळांत जे असेल ते आवडून घ्यायची वेळ येते. आणि इथे शाळा-शाळांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोकसंगीत आणि व्हायोलिन म्हटले की दालार्नातल्या मालुंगचे नाव निघते. हेर्येदालेनमध्ये स्वेगजवळच्या बेकेदालला हस्तकला आहेच, शिवाय प्राचीन तंत्रे शिकवणारा कोर्स आहे. मेलारेन तळ्यातल्या बिस्कोप्स-आर्न्यो बेटावरची शाळा लेखनासाठी ओळखली जाते, दक्षिणेत स्कूरूपचीही तीच ख्याती. ह्योरजवळच्या होल्मात पर्माकल्चर आणि शाश्वत शेती. समुद्र आणि कयाक हवा असेल तर पश्चिम किनाऱ्यावरचे ग्रेबेस्ताद. लेक्सांदजवळ वेस्तान्विकला सगळा कारभार सांकेतिक भाषेभोवती फिरतो, ती शाळा कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेची आहे. उप्सालाजवळची वीक तर चक्क एका जुन्या गढीच्या आवारात भरते.

कोर्सच्या पानावर या गोष्टी शोधून वहीत लिहा:

- पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि किती आठवडे.
- रोज हजर राहायचे की दूरस्थ. दूरस्थ असेल तर सत्रात किती वेळा शाळेत मुक्कामाला जायचे. लहान मुलांच्या आईबापांना हा प्रकार सोयीचा: घरी बसून काम, मधून मधून दोन-तीन दिवस शाळेत.
- स्वीडिश कितपत हवे.
- अर्जाची मुदत. काही कोर्सना ‘जागा असेपर्यंत’ अर्ज घेतात.
- सीएसएनचा उल्लेख आहे का.
- नमुना-काम, म्हणजे आर्बेट्सप्रोव, मागितले आहे का.

वर्षाचे कोर्स बहुतेक ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात, अर्ज त्या वर्षीच्या वसंतात. संगीत आणि लेखनाच्या मुदती इतरांच्या आधी लागतात, कारण चाचणी असते. आलमेन कुर्सला जानेवारीतही प्रवेश मिळू शकतो. उन्हाळ्याचे छोटे कोर्स हिवाळ्यातच भरायला लागतात. मे महिन्यात शोधायला बसलात तर विणकामाच्या ठिकाणी ‘जागा नाही’ वाचाल.

स्वीडिशबद्दल थोडे स्पष्टच सांगते. एसएफआयची डी, म्हणजे शेवटची, पातळी झाली म्हणजे सगळे समजेल असे नाही. हस्तकलेच्या कोर्सला हात बोलतात, तिथे चालून जाते. लेखनाच्या कोर्सला नाही. आणि दालार्नातल्या शिक्षकाची बोली आपण एसएफआयच्या ध्वनिफितीत ऐकलेली नसते.

## टप्पा ४: जाऊन बघा, आणि बसनेच जा

शाळा वर्षातून एक-दोनदा खुला दिवस ठेवतात, ‘ओप्पेत हूस’. त्या दिवशी जमत नसेल तर फोन करून जा, नाही म्हणत नाहीत. दूरच्या शाळेसाठी निदान फोन तरी हवाच.

जाताना गाडी काढू नका. पुढे वर्षभर ज्या बसने जाणार तिनेच जा. मी पहिल्यांदा मैत्रिणीच्या गाडीने गेले. मे महिना, दहा वाजेपर्यंत उजेड, रस्त्याकडेला पिवळी फुले. नोव्हेंबरात रविवारी संध्याकाळी त्याच शाळेकडे निघाले तेव्हा शेवटची बस हमरस्त्यावर सोडून गेली. पुढचे चार किलोमीटर सामानाची पेटी ओढत गेले. साडेचारला मिट्ट काळोख आणि पेटीच्या चाकांत चिखल. मागून आलेल्या एका आजोबांनी ट्रॅक्टर थांबवला नसता तर पेटी तिथेच सोडली असती.

तपासा: प्रादेशिक बसच्या वेळापत्रकात शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ या दोनच वेळा बघा. शाळा सुरू असतानाच्या आणि सुट्ट्यांच्या फेऱ्या वेगळ्या असतात, तळटीपही वाचा. शाळेला विचारा, स्टेशनवरून घेऊन जायची सोय आहे का.

आवारात गेलात की कार्यालयापेक्षा जेवणघरात बसा. तिथे सध्याचे विद्यार्थी भेटतात. त्यांना तीन प्रश्न विचारा: शनिवार-रविवारी इथे किती जण उरतात, खोलीत इंटरनेट येते का, मागच्या वर्षी किती जणांनी मधेच सोडले. तिसऱ्याचे उत्तर देताना लोक क्षणभर थांबतात. तेवढ्यात बरेच कळते.

## टप्पा ५: अर्ज, म्हणजे मुख्यतः पत्र

पहिल्या वेळी मी जे पाठवले ते आठवून आजही हसू येते. इंजिनियरिंगच्या आठही सत्रांच्या गुणपत्रिका, नोटरीचे शिक्के मारून, रंगीत स्कॅन करून. आणि सोबत सहा ओळींचे पत्र: मी मेहनती आहे, मला शिकायची आवड आहे, आपली शाळा नामांकित आहे. विणकामाच्या कोर्ससाठी! मला राखीव यादीत टाकले आणि त्या वर्षी नंबर लागला नाही. शाळेचे काहीच चुकले नव्हते. कोण येणार आहे हे त्यांना त्या कागदांवरून कळणार कसे?

इथे निवड गुणांवर होत नाही. प्रोफील कोर्सला तर जवळपास सगळा भार ‘पर्सोनलिग्त ब्रेव’वर, तुमच्या पत्रावर असतो. एक पान पुरे. त्यात तीन गोष्टी याव्यात: आत्तापर्यंत या विषयात हाताने काय केले, या कोर्समध्ये नेमके काय शिकायचे आहे, पुढे त्याचे काय करणार.

दुसऱ्या वर्षी मी आजीच्या गोधडीबद्दल लिहिले. जुन्या लुगड्यांचे थर कसे लावायचे, धावदोरा कडेकडून आत कसा नेत जायचा, जाड सुई बोटाला लागते म्हणून आजी चिंधी गुंडाळायची. आणि मला शिवणे येते पण कापड स्वतः विणता येत नाही, ताणा कसा लावतात ते कधी बघितलेले नाही, ते शिकायचे आहे. मुलाखतीत शिक्षिकेने गुणपत्रिकांचे नावही काढले नाही. ‘टाके कडेकडूनच का?’ एवढेच विचारले. मला उत्तर नीट आले नाही. ‘मधून सुरू केले तर कडेला थर सरकतात बहुतेक’ म्हटले, आणि आम्ही दोघींनी टेबलावरचे दोन रुमाल घेऊन करून बघितले.

पत्रात नको: ‘लहानपणापासून आवड’, शाळेची स्तुती, नवऱ्याच्या कंपनीचे नाव, आणि ‘मला स्वीडिश सुधारायचे आहे’ हे मुख्य कारण म्हणून. शेवटचे खरे असले तरी त्यासाठी वेगळे कोर्स आहेत, आणि हस्तकलेच्या बारा जागांतली एक त्यासाठी कुणी देत नाही.

पत्र स्वीडिशमध्येच लिहा, स्वतः. यंत्राने भाषांतर केलेले गुळगुळीत पत्र पाठवले आणि मुलाखतीत तीन वाक्यांत अडलात, तर ते तुमच्याच अंगावर येते. चुका राहू द्या. शेजारणीला दाखवून अर्थ लागतो का तेवढे बघा.

आलमेन कुर्सला मात्र कागद महत्त्वाचे: आधीच्या शिक्षणाचे दाखले, एसएफआय किंवा पुढच्या स्वीडिशचे निकाल, नोकरी केली असेल तर त्याचा पुरावा. मराठीतले दाखले असतील तर अधिकृत भाषांतर लागेल. इंग्रजीतले बहुधा चालतात.

तपासा: एकाच शाळेवर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी अर्ज करा. पण पत्र प्रत्येकाला वेगळे. एका मैत्रिणीने शाळेचे नाव बदलायला विसरून पत्र पाठवले होते. उत्तर नम्र आले, पण जागा आली नाही.

## टप्पा ६: मुलाखत किंवा चाचणी

हा टप्पा भीती वाटते तेवढा मोठा नाही. फोनवर किंवा प्रत्यक्ष अर्धा तास गप्पा. संगीताला वादन-गायन ऐकवावे लागते, लेखनाला आधी पाठवलेल्या मजकुरावर बोलणे होते. हार्मोनियम किंवा तबला वाजवत असाल तर तो चालेल का ते आधी विचारा, काही लोकसंगीत कोर्सना कुतूहल असते, काहींना ठरावीकच वाद्ये हवी असतात.

सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, प्राचार्यांनासुद्धा. ‘सर’-‘मॅडम’ करत बसलात तर समोरचा अवघडतो.

प्रश्न त्यांनी विचारायचे तसे तुम्हीही. राहण्याबद्दल, एकत्र कामाबद्दल, कुटुंबाबद्दल. मुले असतील तर आताच सांगा. मुलांसकट राहायच्या खोल्या क्वचितच असतात, पण आईबाप शिकत असतील तर पाळणाघरातली, म्हणजे फोर्स्कूलातली जागा राहते. तास मात्र नगरपालिकेकडून नव्याने ठरवून घ्यावे लागतात.

## टप्पा ७: होकार आल्यावर

आता क्रम फार सांभाळायचा.

1. होकाराच्या पत्रातली उत्तराची मुदत बघा आणि त्याच दिवशी ‘येते’ कळवा. मुदत चुकली की जागा राखीव यादीतल्या पुढच्याला जाते. पत्र कित्येकदा ई-मेलच्या कचरापेटीत पडलेले असते.
2. खोलीचा अर्ज. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे नाही, ती वेगळी मागावी लागते आणि दूरवरून येणाऱ्यांना सहसा आधी.
3. सीएसएन, हक्क असेल तर.
4. खोली लेखी पक्की झाल्यावरच नोकरीला नोटीस किंवा घराचा करार मोडणे. हे चौथ्या क्रमांकावर आहे, पहिल्या नव्हे. मी दोन जणांना घराशिवाय ऑगस्ट काढताना पाहिले आहे.
5. घरगुती विमा, हेमफोर्सेकरिंग. इंतरनातातली खोली घरच्या विम्यात धरली जाते का ते कंपनीला विचारा. लॅपटॉप चोरीला गेला की मग विचारून उपयोग नाही.

राखीव यादीत असाल तर गप्प बसू नका. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फोन करा. त्या दिवसांत गळती होते आणि फोन करणारा समोर असतो.

## टप्पा ८: इंतरनातातले दिवस

खोलीत पलंग, टेबल, कपाट असते. चादर-उशी-रजई बहुधा आपली न्यायची. पहिल्या रात्री जाकीट पांघरून झोपलेले लोक मला माहीत आहेत.

जेवणाचा फॉर्म, ‘स्पेशियालकोस्त’, नीट भरा. नुसते ‘शाकाहारी’ लिहिले तर अंडे येणार, आणि कुणाच्या समजुतीत मासेही बसतात. अंडे खात नसाल तर ‘लाक्टो-व्हेजिटेरियन, अंडे नाही, मासे नाही’ असे उलगडून लिहा. पुष्कळ चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, चालत नसेल तर तेही. गुरुवारी दुपारी जवळपास सगळ्या देशात वाटाण्याचे सूप आणि गोड धिरडी असतात. ते पिवळे सूप आपल्या आमटीसारखे दिसते, पण तळाशी डुकराचे मांस असते. दुसऱ्या पातेल्यातले मागा.

उपास करत असाल तर साबुदाणा-भगर घरून न्या आणि विद्यार्थ्यांचे स्वयंपाकघर कुठे आहे, किती वाजेपर्यंत चालू असते ते पहिल्याच दिवशी विचारा. फोडणी देण्याआधी धुराचा इशारा देणारे यंत्र कुठे आहे ते बघा. आमच्या मजल्यावर मोहरी तडतडली आणि तीस जण मोज्यांवर अंगणात उभे राहिले, ऑक्टोबरात.

कामाच्या पाळ्या असतात: भांडी, टेबल पुसणे, मजला. टाळलेले कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहते. सकाळची फिका, म्हणजे सगळ्यांची एकत्र कॉफीची सुटी, तर अजिबात चुकवू नका. वर्गात समजले नाही ते तिथे समजते, आणि सहलीच्या तारखा बदलल्याचेही तिथेच कळते.

इशारा: नाताळात आणि काही शाळांत आठवड्याच्या शेवटीही स्वयंपाकघर बंद असते, कधी इमारतच बंद. वर्षाचे वेळापत्रक हातात आले की बंद दिवसांवर लाल खूण करा आणि त्या दिवसांचा मुक्काम ठरवा.

पहिले तीन आठवडे काहीच येत नाही असे वाटते. मागावर ताणा भरायलाच मला तीन दिवस लागले, एकेक धागा मागावरच्या बारीक फासांतून ओवायचा, शंभरावा चुकला की मागे जायचे. शेजारच्या मागावर साठीतल्या एक बाई होत्या. त्यांचाही चुकला. त्यांनी शांतपणे कात्री ठेवली, कॉफी आणली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. माझा धोटा पहिल्यांदा सरळ पलीकडे गेला तो दिवस नवव्या दिवसानंतरचा. कोर्स सोडायचा विचार करायचा तर ऑक्टोबर उलटल्यावर करा.

## टप्पा ९: हजेरी, आणि निघताना घ्यायचे कागद

परीक्षा नाही म्हणजे हजेरी नाही असा समज करून घेऊ नका. उलट, इथे हजेरी हाच मुख्य हिशेब. आजारी असाल तर त्याच सकाळी शाळेला कळवा, सीएसएन घेत असाल तर फोर्सेकरिंग्सकासानलाही, म्हणजे सामाजिक विमा कार्यालयालाही. घरच्या लग्नासाठी तीन आठवडे भारतात जायचे असेल तर सत्र सुरू होतानाच शिक्षकांशी बोला. न सांगता गेलात तर प्रमाणपत्रही अडते आणि पैसेही परत मागितले जातात.

आलमेन कुर्सवाल्यांसाठी आणखी एक. गुणांऐवजी तिथे ‘स्टूडिए-ओमडोमे’ देतात, म्हणजे शिक्षकांनी मिळून केलेले एकूण मूल्यमापन, १ ते ४ या श्रेणीत. ते एखाद्या विषयाचे नसते, तुमच्या एकंदर अभ्यास-क्षमतेचे असते. ते मिळायला निदान एक शैक्षणिक वर्ष, ३० आठवडे पूर्णवेळ, लागते. त्याच्या जोरावर विद्यापीठाच्या अर्जात फोल्कहोगस्कूलाच्या वेगळ्या गटात स्पर्धा करता येते. मूलभूत पात्रतेचा दाखला आणि हे मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही आहेत का ते एप्रिलमध्येच विचारा. जूनमध्ये कार्यालय रिकामे असते.

प्रोफील कोर्सवाल्यांनी प्रमाणपत्रावर आठवडे, वेळेचे प्रमाण आणि काय शिकवले याचा तपशील लिहून मागावा. नुसते ‘सहभाग घेतला’ असलेला कागद नोकरीच्या अर्जाला जोडून फारसे काही होत नाही. दोन ओळी जास्त लिहायला कुणी नाही म्हणत नाही, मागितल्या तर.

आणि खोली सोडताना सफाई. शेवटच्या शुक्रवारी कुणीतरी यादी घेऊन येते: शीतकपाटाच्या मागची धूळ, खिडकीची चौकट, पलंगाखाली. अनामत त्यावर परत मिळते. मसाल्याचे डाग कपाटाच्या फळीवर राहतात, हळदीचा तर जातच नाही. पहिल्याच दिवशी फळीवर कागद अंथरा.